आओकोच्या दोन गायी

आमच्याकडे सून सासरी आली की तिचं नाव मागे पडतं. ज्या गावची लेक, त्या गावची 'न्यार'. मी न्यार-उयोमा आणि माझी धाकटी जाऊ आओको, ती न्यार-गेम. गेम इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण सतरा वर्षांत ती माहेरच्या अंगणात ताठ मानेनं कधी गेली नाही. माझ्या दिरानं, ओंदितीनं, तिला बाजारातूनच परस्पर घरी आणलं होतं. सासऱ्याच्या दारात एकही गाय पोचवली नव्हती. "पुढच्या सुगीला नेतो" म्हणता म्हणता चार पोरं झाली. गायी न दिलेली बायको म्हणजे मुक्कामाला आलेली पाहुणी. भांडणात कुणीही ते तोंडावर फेकावं. मीही एकदा फेकलं होतं, झऱ्यावर, सगळ्या बायांसमोर. त्याची लाज मला आजही वाटते.

गेल्या वर्षी तिला अंगावरून जायला लागलं. सहा महिने तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. त्याच सुमारास कुठल्याशा संस्थेची पोरं गावात आली, गवताची छपरं असलेली घरं लिहून घेऊन गेली. पैसे घरच्या बाईच्या फोनवर येणार, दोन हप्त्यांत, आणि कशाला खर्चायचे हे कुणी विचारणार नाही, असं सांगून गेली. फुकटचा पैसा म्हटल्यावर गाव बिचकलं. सैतानाचा पैसा आहे, घेतला तर घरातलं माणूस जातं, अशी आवई उठली.

आओको म्हणाली, "मी तशीही जातेच आहे की! मग पैसे घेऊन तरी जाते."

आम्ही हसलो, आणि मग तिचा चेहरा पाहून मी तिला बाजूला घेतलं. तेव्हा कुठे तिनं मला सगळं सांगितलं.

पहिला हप्ता किसुमू शहरातल्या दवाखान्यात गेला. गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग होता. औषधं झाली, किरणं झाली. तीन महिन्यांत तिच्या गालावर मांस चढलं. एक दिवस तळ्यातला मासा तळून मला हाक मारली आणि माझ्या ताटातला माशाचा डोळा स्वतःच खाल्ला. मला वाटलं, वाचली बाई. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, "उपचार अर्धाच झालाय. उरलेला लगेच करा, नाहीतर दुखणं उलटेल."

दुसरा हप्ता आला त्या सकाळी ओंदितीनं तिचा बाहेर जायचा झगा दोरीवर वाळत घातला. तो पुरुष आयुष्यात पहिल्यांदा कपडे धूत होता.

"उद्या पहाटेची गाडी," तो म्हणाला.

"उद्या गुरांचा बाजार आहे," ती म्हणाली. "दोन गायी घ्यायच्या. बाबांकडे न्यायच्या."

"डोकं फिरलंय का तुझं? गायी काय औषध देतात?"

"आणि डॉक्टर काय म्हणाला? वाचशीलच म्हणाला?"

"निम्मी आशा आहे म्हणाला."

"निम्म्या आशेपेक्षा दोन पुऱ्या गायी बऱ्या. मी मेले तर माझे भाऊ फाटकात उभे राहतील. गायी दिल्याशिवाय खड्डा खणू देणार नाहीत. माझ्या पोरींनी ते ऐकायचं? आई खाली पडलीय आणि मामा भाव करतोय?"

"वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला!"

मी सांगायला हवं होतं. पण मला झऱ्यावरचे माझे शब्द आठवले आणि मी म्हणाले, "फोन तिचा आहे, भावजी." दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर बाजारात जाऊन मीच गायी निवडल्या. एक तांबडी, एक काळी.

गायी पुरुषांनी न्यायच्या असतात. बाई स्वतःच्याच गायींमागून माहेरी निघाली, असं कुणी पाहिलं नव्हतं. बाजारानंतरच्या सकाळी आम्ही निघालो तेव्हा लोक कुंपणाशी येऊन बघत होते. ती मोटारसायकलवर माझ्या पुढ्यात बसली होती आणि दर उताराला "हळू रे, माझं लग्न आहे" म्हणून चालवणाऱ्याला दटावत होती. ओंदिती आपल्या चुलतभावाबरोबर गायी हाकत पहाटेच पुढे गेला होता.

तिचे वडील, म्हातारा रादिंग, आंब्याखाली बसले होते. गायी फाटकातून आत आल्या तसे ते उठले. मग मागून आम्ही आलो. लेकीला उतरताना पाहिलं आणि त्यांचा हात गायीच्या पाठीवर तसाच राहिला.

"ही माझी पोर? एवढीशी?"

मी न राहवून सगळं बोलून टाकलं. दुखणं, डॉक्टर, अर्धा राहिलेला उपचार.

म्हातारा ओरडला, "मग या गायी कशाला आणल्या, गाढवांनो? परत न्या! आत्ता विका आणि हिला दवाखान्यात घाला!"

ओंदितीनं लगेच दोर हातात घेतला. पण रादिंगचा थोरला भाऊ काठी टेकत पुढे आला. "फाटकातून आत आलेल्या गायी परत गेल्या तर त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना? काडीमोड."

ओंदितीनं दोर खाली ठेवला. म्हातारा लेकीकडे बघत होता. गायी ठेवल्या तर लेक जाणार. परत दिल्या तर सतरा वर्षांचा संसार त्यानं स्वतःच्या हातानं मोडला, असं होणार.

"पोरी, तू सांग," तो म्हणाला. "तू म्हणशील ते. लोक गेले खड्ड्यात."

"बाबा," आओको म्हणाली, "गायींना पाणी दाखवा. लांबून चालत आल्यात."

म्हातारा रडत रडत पाणी आणायला गेला.

त्यानंतर ती नऊ आठवडे जगली. आम्ही उसनवार करून एकदा किसुमूला नेलं, पण दुखणं उलटलं होतं. तिला घराच्या डाव्या हाताला पुरलं, लग्नाच्या बायकोला पुरतात तिथे. भाऊ आले ते गायींचं नाव न काढता माती लोटून गेले. सगळे म्हणत होते, किती मानानं गेली न्यार-गेम.

लोक पांगल्यावर ओंदिती माझ्याजवळ येऊन बसला. त्याच्या नखांत अजून माती होती.

"वहिनी," तो म्हणाला, "मला मानाची बायको नको होती हो. जिवंत पाहिजे होती."