नारळाआधी कापलेलं जाळं

ती घटना अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा मी रोह्याच्या पोलीस ठाण्यात साहेब होतो. नारळी पौर्णिमेला आठ-दहा दिवस उरले होते. कुंडलिकेच्या काठावरचा एक तरुण मच्छीमार ठाण्यात आला.

"साहेब, वाळत घातलेलं जाळं कुणीतरी फाडलंय. आता खायाचं काय?"

गुन्हा अदखलपात्र. ठाणे अंमलदाराने नोंद घेतली. दुपारी बाजारातल्या एका मासळीवालीने हवालदाराला खबर दिली, त्याच्या शेजाऱ्याने चारचौघांत त्याला जाळं फाडायची धमकी दिली होती.

मी शेजाऱ्याला ठाण्यात आणवला. अटकेचा अधिकार नव्हता, तरी दिवसभर बाकावर बसवून दरडावला. गरीब समोर असला की आम्ही कलमं वाचत नाही. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

"धमकी दिली, व्हय," तो म्हणाला. "पावसाळ्यात होडी वर काढायची, नदीला नारळ वाहिल्याबिगर जाळं टाकायचं नाय, ही आमची रीत. ती यानं मोडली. पण जाळं मी कापलं नाय. कापलं असतं तर आधी वरचा दोर तोडला असता. तुम्ही जाळं बघितलंत तरी का?"

बघितलं नव्हतं. नोंद खुर्चीत बसूनच झाली होती.

त्याला घरी पाठवून दुसऱ्या दिवशी काठावर गेलो. दोर शाबूत, बुचं शाबूत, शिशाच्या गोळ्या शाबूत. फक्त जाळी कापलेली, तीही सरळ, पुन्हा विणता येईल अशी. वैरी एवढी काळजी घेत नाही.

"तुमच्याकडे जाळं कोण विणतं?" मी विचारलं.

तरुणाने दाराकडे पाहिलं. दारातून त्याची आईच बोलली.

"मीच कापलं. याचा बापूस असाच नारळाआधी गेला, उधाणाच्या पाण्यात. मला आत टाका, पण याला पौर्णिमेपतुर होडी घालू देऊ नका."

"आणि चूल कशी पेटल गो आये? तुझी नदीदेवी पेटवणार?" तो ओरडला. "नारळ पडल्यावर तरी कुठं मासा गावतो? चार चिवण्या नि चिखल!"

तक्रार त्याने मागे घेतली. शेजाऱ्याची मी माफी मागितली नाही. वर्दीला ती सवय नसते.

पौर्णिमेला बंदोबस्ताच्या निमित्ताने तिकडे गेलो. आईने नारळ वाहिला. जाळं विणून तयार होतं.

"मुलगा कुठाय?" मी विचारलं.

"धाटावला, केमिकलच्या कंपनीत. तिचंच घाण पाणी या नदीत येतं. फर्स्ट शिफ्ट लागली," ती म्हणाली. "पाण्यातून वाचला, साहेब. पण आता जाळ्याला हात लावत नाय."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. आम्ही फाडणारा हात शोधतो आणि फाईल बंद करतो. नदीतला मासा कुणी संपवला, याची तक्रार घ्यायला एकाही ठाण्यात रजिस्टर नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मीही ते कधी मागितलं नाही.