उरलेला उजेड

सूर्य मावळतो ही गोष्ट मनाला लावून घेणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. दिवेलागण झाली की लोक चहा टाकतात, टीव्हीसमोर बसतात. हा गृहस्थ आभाळाकडे असा बघतो, जणू याला न विचारता कुणीतरी मेन स्विच पाडलाय. मग तो सरावलीतल्या आपल्या घराच्या मागच्या गॅलरीत शिरतो आणि टॉर्च बनवायला बसतो. विकतचा टॉर्च त्याला दाखवायची सोय नाही. काजवा हातात आल्यासारखं तोंड करून तो परत देतो.

त्या गॅलरीत पूर्वी कपडे वाळायचे. आता तिथे पान्हे, करवती, ॲल्युमिनियमचे पाइप आणि मेलेल्या लॅपटॉपमधून सोडवलेले सेल नांदतात. सगळा जन्म कारखान्यात मेंटेनन्समध्ये गेल्यामुळे फेकायची वस्तू ही कल्पनाच त्याला मान्य नाही. बोईसरचे भंगारवाले त्याला दुरून बघून दुकान आवरायला घेतात. जोरदार एलईडी तापतो, त्याला गार ठेवायला धातूच्या पात्या लागतात, म्हणून याने जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचाच एक तुकडा कापून टॉर्चला बसवला. तरी तो तापलाच. दुसरा कुणी खट्टू झाला असता. याने त्यावर पापड भाजून मला खायला दिला. "कसा झालाय?" हे त्याने टॉर्चबद्दल विचारलं की पापडाबद्दल, ते मला आजवर कळलेलं नाही.

एकदा तिन्हीसांजेला गच्चीवरून त्याने दूरच्या एका कारखान्याच्या धुरांड्यावर झोत टाकला. थोड्या वेळाने तिथला वॉचमन सायकल मारत दारात. "अंकल, साहब पूछ रहे हैं, ये लाइट कौन मार रहा है?" साडूचा चेहरा असा फुलला, की वॉचमनच बिचकला. त्याला हाताला धरून आत बसवलं, चहा पाजला आणि हा विचारतो, "उधर पेपर पढ़ने को आता है क्या, उतना उजाला पड़ा?"

हे सगळं वेड कुणासाठी, हे मात्र आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, सगळ्यांच्या ताईला, अंधार पडला की दिसेनासं होऊ लागलं होतं. पालघरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे हळूहळू वाढत जाणार आणि चष्म्याने भागणार नाही. तेव्हा हा म्हणाला, "डोळ्यांचं डॉक्टर बघतील. उजेडाचं मी बघतो." ताईचं माहेर दातिवऱ्याचं. गौरीच्या संध्याकाळी भावाच्या अंगणात बायकांनी फेर धरला की पहिलं गाणं तिचंच. गेल्या वर्षी ती गेलीच नाही. वाडीतून अंगणापर्यंतची वाट तिला दिसली नसती आणि हात धरून नेलेलं तिला खपत नाही. "मी काय म्हातारी हाय, हात धरून न्यायला?" एवढं बोलून ती भाजी चिरत बसली. त्या दिवसापासून साडूने जे पाइप कापायला घेतले, ते या गौरीपर्यंत.

या वर्षी आम्ही सगळे दातिवऱ्याला गेलो. वाडीच्या तोंडाशी साडूने नवा टॉर्च पेटवला. झोत माडांच्या रांगेतून सुसाट निघाला तो थेट टोकाला; कावळ्यांना पहाट झाली असं वाटून त्यांनी कालवा केला. आम्ही वाहवा केली. ताईने टॉर्च हातात घेतला, एक पाऊल टाकलं आणि थांबली.

"अहो, त्या टोकाच्या माडाचे नारळ मोजून देते तुमाला. पण पायाखालचा दगड नाय दिसत."

उजेड किती लांब जातो याच्याच नादात हा इतके दिवस होता, आणि बायकोला चालायचं होतं जवळ. मला त्याच्याकडे बघवेना. पण तो बांधावर टेकला, खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि टॉर्चचं तोंड उघडत मेव्हण्याच्या बायकोला म्हणाला, "वयनी, श्रीखंडाचा रिकामा डबा हाय का घरात?" झोत लांब फेकणारी आतली चकचकीत वाटी काढून टाकली, डब्याचं पांढरं झाकण कापून काचेच्या जागी बसवलं. आता झोत कुठला आणि काय कुठला! मऊसा उजेड वाटेवर पसरला, कुंपणापासून कुंपणापर्यंत. दगड दिसले, मुळं दिसली, पाण्याचा पाट दिसला.

ताई एकटी पुढे गेली. जरा वेळाने अंगणातून तिचा आवाज आला. साडू बांधावरच बसून ऐकत होता. "दुसरं कडवं विसरली," तो म्हणाला आणि डोळे पुसले.

मग मी विचारलं, "साडूभाऊ, टॉर्चचं उजेड कमीजास्त करायचं बटण तर अर्ध्यावरच ठेवलं होतंत. मग एवढी ताकद भरलीत कशाला?"

"आता अर्ध्यात भागतंय रे," तो म्हणाला. "उरलेला पुढं लागंल तिला."

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. टॉर्च दारामागच्या खुंटीला होता. बटण अर्ध्याच्या जरासं पुढे गेलं होतं. ताई आतून म्हणाली, "भावजी, चा घेतल्याबिगर जायचं नाय." गॅलरीत साडूने आणखी जाड पाइप कापायला घेतला होता आणि तो एका हाताने आवरत नव्हता. मी चिडवायला म्हणून दारात गेलो, आणि पाइपाचं दुसरं टोक धरून उभा राहिलो.