भुंग्याच्या पाठीवरचा अंगठा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी मला शहाणपण शिकवायला नको. मी शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो. आपोआप पेटणारा कागद, रंग बदलणारं पाणी... असले 'चमत्कार' मुलांसमोर करून दाखवायचे आणि मग त्यातलं रसायन समजावून सांगायचं, यात माझी सगळी नोकरी सरली. अमावास्येला आमच्या गल्लीत कुणी उतरून टाकलेली लिंबं मी चपलेनं बाजूला सारत जायचो. तेव्हा पुढचं वाचून हसलात तरी चालेल. मीही हसलो असतो.

राहायला सोलापुरात, शुक्रवार पेठेत. घरात निम्मं तेलुगू, निम्मं मराठी. सासरे यंत्रमागावर होते. निवृत्त झाल्यावर मला किड्यांचे फोटो काढायचा नाद लागला. मॅक्रो लेन्स आली, फ्लॅश आला. ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो – या लेन्सनं किडा अगदी वीतभर अंतरावरून टिपायचा असतो. तो उडता उडता क्षणभर टेकतो, तेवढ्यात फ्लॅश मारायचा. पण उघडा फ्लॅश मारला की चकचकीत अंगावर पांढरा भगभगीत डाग उठतो आणि फोटो वाया जातो. म्हणून फ्लॅशपुढं पांढरा पडदा धरायचा. आणि भुंग्याच्या काळ्याभोर पाठीवर तो पडदा आरशात दिसावा तसा दिसतो. पडदा चौकोनी असला तर चौकोन, गोल असला तर गोल. एवढं लक्षात ठेवा.

आमचा पडदा सरोजानं केला होता. सरोजा म्हणजे माझी बायको. तारेचा हँगर वाकवून तिनं चौकोन केला आणि त्यावर तिच्या वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा शिवला. वरचा डावा कोपरा वाकवताना चेपला, तो चेपलेलाच राहिला. रोज सकाळी आम्ही स्कूटरवरून हिप्परग्याच्या तलावाकडं जायचो. तिथं रुईची झुडपं आहेत, फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. मी कॅमेरा धरायचो, ती पडदा. भुंगा फुलाभोवती घिरट्या घालू लागला की ती हळूच म्हणायची, "आगु... आगु..." आगु म्हणजे तेलुगूत थांब. आता भुंग्याला कुठलं तेलुगू येतंय! पण दुसऱ्या 'आगु'ला मी बटण दाबायचो आणि बरेचदा फोटो मिळायचा.

भानगड एकच होती – तिचा अंगठा. पडदा धरताना तो कापडाच्या पुढं यायचा, आणि भुंग्याच्या पाठीवर पांढऱ्या चौकोनाच्या खालच्या कडेला एक काळी खाच दिसायची. मी चिडायचो.

"अंगठा मागं घे! किती वेळा सांगायचं?"

"मी काय स्टँड हाय व्हय तुमचं? हात दुखतोय की ओ." मग जरा थांबून म्हणायची, "भुंग्याचे एवढे फोटो काढताय, माझा एक काढा की कधीतरी."

"ही लेन्स लावल्यावर तू मावणार आहेस का त्यात? उद्या दुसरी लेन्स आणतो."

असे किती उद्या गेले, देव जाणे. अंगठा आलेले फोटो मात्र मी घरी आल्याबरोबर निवडून निवडून खोडून टाकायचो. एकही ठेवला नाही.

मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि आठ दिवसांत सगळं संपलं. तिला नेताना मी तो पडदा तिच्या हाताखाली ठेवला. माझ्या डोळ्यांदेखत जळाला तो. हेही लक्षात ठेवा.

बाराव्याला फ्रेम करायची म्हणून आमच्या मुलीनं, अनितानं, माझा सगळा कम्प्युटर धुंडाळला. माश्या, चतुर, गांधीलमाश्या, भुंगे... हजारो फोटो. आईचा एकही नाही. "पप्पा, एकपण नाही?" एवढंच म्हणाली ती. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात सरोजा धड ओळखूसुद्धा येत नव्हती. त्या भिंतीकडं बघायची मला लाज वाटायची.

यंदा वर्षश्राद्ध झाल्यावर अनितानं फ्लॅशवर बसवायचा तयार पडदा आणून दिला. गोल, प्लास्टिकचा. तो धरायला माणूस लागत नाही. "घरात बसून काय करणार पप्पा? जावा की तलावावर," म्हणाली. मी गेलो.

सकाळचे आठ वाजले होते, लख्ख ऊन होतं. आसपास कुणी नव्हतं. लांब बांधावर एक म्हैस चरत होती तेवढीच. भुंगे आले, पण टेकेनात. पंधरा-वीस फोटो काढले, सगळे हुकले. कंटाळून निघणार, एवढ्यात एक मोठा भुंगा माझ्या तोंडासमोरच्या फुलाशी घोंघावू लागला. आणि "आगु... आगु..."

हे मी बोललो की ऐकलं? खरंच सांगतो, मला माहीत नाही. वर्षभर तो शब्द माझ्या तोंडी आला नव्हता. भुंगा टेकला. बोटाला सवय होतीच, दुसऱ्या 'आगु'ला बटण दाबलं गेलं.

घरी येऊन फोटो मोठा केला. भुंग्याच्या पाठीवर चौकोन होता. पांढरा चौकोन, वरचा डावा कोपरा चेपलेला. आणि खालच्या कडेला काळी खाच.

 मी रडलो, अगदी मोठ्यानं. अनिता धावत आली. तिला वाटलं, मी जुनाच फोटो उघडून बसलोय. तिनं कॅमेऱ्यातलं कार्ड पुन्हा लावलं, तारीख-वेळ बघितली. त्याच दिवसाची, सकाळची. आधीचे पंधरा-वीस फोटोही एकेक करून मोठे केले. जिथं जिथं भुंगा सापडला होता, तिथं पाठीवर गोल होता. फक्त शेवटच्यात चौकोन. "रुईचं पान असेल पप्पा," ती म्हणाली खरी, पण तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून बघत राहिली. रुईचं पान मी रोज बघतो हो. ते चौकोनी नसतं, आणि त्याला अंगठा नसतो.

नंतर पुष्कळदा गेलो. तोच कॅमेरा, तेच झुडूप, तीच वेळ. मुद्दाम 'आगु' म्हणूनही बघितलं. गोलच येतो. मी प्रयोगशाळेतला माणूस. जे पुन्हा करून दाखवता येत नाही त्याला पुरावा म्हणत नाहीत, हे मला तुम्ही सांगायला नको.

तो फोटो मोठा करून घ्यायला पेठेतल्या स्टुडिओत गेलो. तिथले शेखभाई कम्प्युटरवर बघून म्हणाले, "काका, फोटो लई भारी आलाय. फक्त खाली काळा डाग पडलाय बघा. काढून टाकतो की, दोन मिनटाचं काम हाय."

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडलो की ते दचकले. "अंगठा आहे तो. राहू दे तिथंच."

आधारचा फोटो उतरवून आता मी तो भिंतीवर लावलाय. हार घातलाय. घरी येणारे बिचकतात, भुंग्याला हार का म्हणून विचारतात. मी सांगतो, सरोजाचा फोटो आहे. मी काढलेला.