नीरावयनीचं ताट

लिव सगुणे. तुज्या मोठ्या आजीचं लिव, नीरावयनीचं. माजी मोठी जाव ती. तू तिला बघितलीच न्हाय, पन केसरआत्याला बघतेस ना, ती तिची लेक. तीच कपाळपट्टी, तोच खनखनीत आवाज. अंगानं मातर वयनी केसरच्या दुप्पट. पुळनीवरनं चालली की पाऊल खोल उमटायचं. तिज्या माहेरी सगळ्याच बाया तशा. आयस तशी, मावशी तशी, बांधाच तसला.

तवा चीनची लढाई होऊन दोन-तीन सालं झाली असतील. रेशनवर तांदूळ थोडासा, बाकी अमेरिकेचा गहू. आमी भात खानारी मानसं, गव्हाचं काय करायचं ते कुनाला ठावं? भरडून पेज करायचो. सगळा गाव अर्धपोटी, आनि त्यात वयनी अशी भरलेली. मग बाया बोलनारच. शेजारची बायजा तर तोंडावर म्हनायची, "गो नीरे, गुनाजीनं तांदूळ कुठं पुरलाय ते आमाला बी सांग." गुनाजी म्हंजे वयनीचा घोव, माजा दीर. वयनी हसायची. "माज्या पोटात पुरलाय, ये उकरायला."

असं बोलायची, पन घरात काय चाललंय ते मी बघत व्हती ना. आमच्यात वाढनारी शेवटी जेवते. पुरुष जेवले, पोरं जेवली, सासू जेवली, मी अंगावर पाजती म्हनून मलाबी आदी वाढायची. मग तिज्या वाटनीला टोपाची खरवड आनि कालवनाचं पानी. चांगली मासळी तर बाजारात जायची, घरात राहायची डोकी.

आनि दुख काय, तर तिची दोन बाळं पोटातच गेली व्हती. तिसऱ्यांदा दिवस गेले तवा कुनाला सांगेना, नजर लागंल म्हनून. मलाच पयलं कळलं. मला म्हनाली, "ह्ये ऱ्हायलं पायजे गो. ह्ये गेलं तर मी परत न्हाय बघायची वाट."

त्याच सालात दुधाची भुकटी यायला लागली, सरकाराकडनं. दवाखान्यात नवीन नर्सबाय व्हती, कोकिळाबाय, तळा गावाकडची. पोर कष्टाळू. देवळाच्या पडवीत मोठ्या पातेल्यात भुकटी कालवायची आनि पोटुशा बायांना नि पोरांना वाटायची. पन पातेलं एक आनि गाव येवढा. मग ती बघून बघून द्यायची. ज्याची हाडं दिसतात त्याला आदी.

वयनी लोटा घेऊन उभी ऱ्हायली. नर्सबायनं वरनं खालपर्यंत बघितलं. "तुम्हाला कशाला दूध? अंगावर आहे तेच पुष्कळ आहे. उलट वजन कमी करा. भात निम्मा करा, नाहीतर बाळाला त्रास होईल."

पाठीमागं बाया फिसफिस हसल्या. बायजा म्हनाली, "तिला दूध न्हाय, म्हस बांधून द्या." वयनीपन हसली, सवयीनं. पन रस्त्यानं येताना लोटा पदराखाली घेतलेला.

ते बाळाला तरास व्हईल म्हनाली ना, ते तिज्या काळजात गेलं. तिला वाटलं, आदीची दोन आपल्या चरबीनंच गुदमरली. घरी येऊन सासूला सांगितलं, "आत्याबाय, नर्सनं निम्मं खायाला सांगितलंय." आता आमची सासू भागुबाय काय वैरीन न्हवती. शिकलेल्या बायनं सांगितलंय म्हनून तिनं मायेनंच पाळलं. वयनीनं खरवड घेतली की म्हनायची, "नीरे, पुरं कर बाय, बाळाकडं बघ." आदीच खरवड, त्यातली बी निम्मी.

वयनी काय बारीक झाली न्हाय. दम मातर लागायला लागला. पाटी उचलली की ओठ पांढरे.

एक दिस आमी तिघी, सासू, वयनी नि मी, सुकी मासळी घेऊन आगरदांड्याच्या धक्क्यावर गेलो, खाडीपलीकडं दिघीला जायाला. होडीवाला हिरामन जोरानं म्हनला, "नीराबाय, तू मधी बस, न्हायतर आमी सगळी दिघीच्या आदी तळाला." लोकं हसली. वयनी हसायला गेली आनि पाटीसकट खाली बसली ती तशीच आडवी झाली.

कोन म्हनतो, "खाऊन खाऊन दम लागलाय." कोन म्हनतो, "हिला उचलनार कोन?" कोकिळाबाय त्याच होडीत बसली व्हती. ती उडी टाकून आली, पानी मारलं. वयनीनं डोळं उघडल्यावर नर्सबायनं इचारलं, "सकाळी काय खाल्लं?"

"तुमी सांगितलं तेवढंच."

"म्हणजे किती?"

"वाटीभर पेज."

"आणि काल?"

वयनीनं तोंड फिरवलं. मीच म्हनाली, "काल बी तेच, बाय. आनि परवा बी."

नर्सबायनं अंगठ्यानं वयनीच्या डोळ्याची खालची पापनी वडली. सासू वाकून बघत व्हती. तिनं आयुष्यभर मासळी घेतलेली आनि इकलेली. केवढा बी मोठा मासा आसू दे, कल्ला उघडून लाल दिसल्याबिगर हात लावायची न्हाय. ती म्हनाली, "बाय गो, आतनं पांढरी फटक हाय ही. आनि आमी वरनं बघत बसलो."

नर्सबाय सगळ्यांच्या म्होरं म्हनाली, "चुकलं माझं. अंगाकडे बघितलं आणि तपासलंच नाही. हिला रक्त नाही अजिबात." हिरामन टोपी काढून डोकं खाजवत उभा. त्यानंच मंग वयनीला घरी न्यायला बैलगाडी आनली.

दुसऱ्या दिसापासनं पडवीत रीतच बदलली. बारीक असो की जाडी, नर्सबाय दर बाईची पापनी वडून बघायची, मग दूध. बायजा हाडकुळी, पन तिचं आतनं लालेलाल. ती कुरकुरली, "म्हंजे मला सगळ्यात मागनं?" वयनीला दूध बी मिळालं नि रक्ताच्या गोळ्या बी.

घरात सासूनं त्याहून मोठी गोष्ट केली. वयनीचं ताट पयलं वाढलं. पुरुषांच्या आदी. भात, जवळ्याचं कालवन, शेवग्याचा पाला. गुनाजी पाटावर बसून बघतोय. "आये, आनि मी?"

"तुज्या पोटात कोन हाय?" सासू म्हनाली. "थांब जरा."

वयनीला घास गिळंना. सगळी बसलेली नि आपुन खायाचं, लाज वाटायची. सासू समोर बसून ऱ्हायची, ताट संपंस्तवर उठायची न्हाय. बाया नावं ठेवायच्या, सुनेला डोक्यावर घेतली म्हनून. सासू म्हनायची, "घेतली. जड हाय, पन घेतली."

सातवा सरला. आठवा सरला. आमी नुसती एकमेकीकडं बघायचो. नवव्यात, भर दुपारी, भरती चढत असताना केसर झाली. कोकिळाबायच व्हती संगं. पोर अशी रडली की बायजा तिज्या वट्यावरनं धावत आली.

वयनी पडून व्हती, घामानं भिजलेली, तेवढीच जाडी. पोरीला बघितलं, हात लावला. मग सासूकडं मान वळवून म्हनाली, "आत्याबाय, भूक लागली."

कुनी हसलं न्हाय. सासू टोपच घेऊन आली.