टायर अजून नवीनच हायत

विजूने बसून चहा प्यायलेला मी कधी पाहिला नाही. आमच्या दारात ती यायची ती एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवूनच. बाहेर गाडीचं इंजिन चालू, आत तिच्या तोंडाचा पट्टा चालू. "अगं, बस तरी," मी म्हणायचे. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "थांबला तो नासला गो." हे तिने कुठल्या सुविचाराच्या फळ्यावरून उचललेलं नव्हतं. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदराला लागून तिचा बर्फाचा कारखाना होता आणि होडीतून उतरलेली सुरमई उन्हात जरा थांबली की तिचं काय होतं, हे तिने फ्रॉकात असल्यापासून पाहिलं होतं. फक्त मासळीचा नियम ती माणसांनाही लावायची. माझ्यासारख्या संथ बाईला तर ती "नासकी" असंच म्हणायची, तेही प्रेमाने.

आमची घरं एकाच गल्लीत, आणि शाळेत आम्ही एका बाकावर होतो. बाई तिला शिक्षा म्हणून उभं करत. तिला तेवढंच बरं वाटायचं. पुढे मी त्याच शाळेत शिक्षिका झाले, आणि विजूने बंद पडलेला बर्फाचा कारखाना चालवायला घेऊन नावारूपाला आणला. लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "मुलगा बघायला येईस्तोवर साडी नेसून बसून कोण राहणार?"

मग एके दिवशी ती गाडी आली. लालभडक, दोनच माणसांची, इतकी बुटकी की शेजारून रिक्षा गेली तर रिक्षावाला वाकून आत बघायचा. मुंबईच्या कुणा हौशी माणसाला ती झेपली नव्हती, ती हिने घेतली. रत्नागिरीत तशी दुसरी गाडी नव्हती आणि ती पळवावी असा रस्ताही नव्हता. प्रत्येक गतिरोधक विजू तिरकी घालून, दात आवळून ओलांडायची. पहाटे बर्फाच्या लाद्या होड्यांवर चढवून झाल्या की ती सुटायची ती थेट लांज्याला. तिथे टपरीवर उभ्या उभ्या चहा आणि परत. "एवढ्या लांब चहासाठी?" मी विचारलं. "चहासाठी कोण जाता? जाण्यासाठी जाते," ती म्हणाली. गाडीत अत्तराच्या बाटल्या टांगल्या तरी बंदराचा वास काही गेला नाही. तिला त्याची लाजही नव्हती.

या गाडीत तिचे वडील बसत नसत. हे एकच दुखणं होतं तिचं.

आबा म्हणजे जुने तांडेल. उभा जन्म होडीचं सुकाणू धरण्यात गेलेला. खाडीच्या तोंडाशी लाट कशी मोडते ते बघून, थांबून, मगच होडी आत घालायची, ही त्यांची शिस्त. मुलीचं गाडी चालवणं त्यांना बघवत नसे. "हिच्या गाडीत बसायचा तर आधी पिंडाला भात कोण घालणार ता ठरवायला हवा," असं ते चारचौघांत सांगायचे. लोक हसायचे, विजूही हसायची. पण एकदा आबांना सणकून ताप भरला. दारात लाल गाडी उभी होती, विजू दार उघडून विनवत होती, आणि आबा काठी टेकत टेकत कोपऱ्यावरच्या रिक्षात जाऊन बसले. पुढे रिक्षा आणि मागे शेजारची जागा रिकामी ठेवून विजूची गाडी, अशी ती वरात दवाखान्यापर्यंत गेली. परत आल्यावर ती माझ्याकडे आली आणि चहाला नको म्हणाली. "सगळ्या जगाला बर्फ पुरवते मी. बापाला दवाखान्यात न्यायला उपयोगाची नाय," एवढंच बोलली आणि गेली.

तिला हळू चालवता येत नव्हतं असं नाही. तिला ते सोसत नव्हतं. कितीदा तिने आबांना शब्द दिला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गल्ली सोडायच्या आत तो मोडला. उजवा पाय तिच्या मनाच्या आधी निघायचा.

श्रावणातली गोष्ट. मला गणपतीपुळ्याला शाळेच्या कामासाठी जायचं होतं. एसटी चुकली म्हणून नाइलाजाने तिच्या गाडीत बसले. आरेवारेच्या उतारावर सर आली. रस्त्यावर पाण्याचा पातळ थर साचला होता. विजूने वळण घेतलं आणि गाडी वळलीच नाही. सुकाणू एकीकडे, गाडी दुसरीकडे. खाली समुद्र दिसत होता आणि आम्ही त्याच्याकडे सरकत होतो, अगदी सावकाश, आवाज न करता. कडेच्या चिखलात चाकं रुतली म्हणून आज हे लिहिते आहे.

विजू पावसात उतरली आणि चाकासमोर उकिडवी बसली. टायर झिजलेले नव्हते, चांगले होते. पण ते तिने कोरड्या रस्त्याला चिकटून धावण्यासाठी मुद्दाम निवडलेले, जवळजवळ सपाट. पाणी बाहेर जायला त्यात वाटच नव्हती. "होडी झाली गो गाडीची," ती म्हणाली, "पाण्याने उचलली." तांडेलाच्या मुलीला पाणी ओळखता आलं नाही, याचा तिला फार राग आला होता. स्वतःचाच.

दुसऱ्या दिवशी तिने मला सादिकभाईंच्या टायरच्या दुकानात ओढत नेलं. सादिकभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. "विजूताई, या मापाचा माल इथे कोण ठेवणार? पुढचे वेगळे, मागचे त्याहून रुंद. कोल्हापुरातून मागवायला लागेल." त्यांनी मोबाइलवर दोन प्रकार दाखवले. एक पहिल्यासारखाच, मऊ रबराचा, कोरड्यात गोचिडीसारखा धरणारा. दुसऱ्याला खोल खाचा, मधून बाहेर पन्हळीसारख्या काढलेल्या.

"या दुसऱ्याने गाडी पहिल्यासारखी उडणार नाय," सादिकभाई म्हणाले. "वळणावर वायच सैल वाटेल. नंतर माझ्या नावाने बोंब नको."

विजू पहिल्याकडे बघत राहिली. तिचा अंगठा आपसूक त्याच चित्रावर जात होता. मग तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. बहुधा आदल्या दिवसाचा माझा चेहरा तिला आठवला असावा. "पाण्याला वाट हवी," ती म्हणाली. "खाचांचेच मागवा."

टायर येईपर्यंतचे दिवस सगळ्या गल्लीने भोगले. गाडी दुकानात, त्यामुळे विजू पायी. कारखाना ते घर, घर ते ट्रान्सपोर्टचं गोदाम, तिथून माझ्याकडे. "घाटात दरड आली असेल का गो?" हा प्रश्न दिवसातून किती वेळा ऐकला, देव जाणे. अखेर टायर आले. ते बसवताना सादिकभाईंनी तिला स्टूल दिलं. तिने त्यावर फक्त पाय ठेवला. "रिमला ओरखडा नको हां." "बाण बघा, बाण! फिरायची दिशा उलटी होईल." "मागचे मागेच लावताय ना?" सादिकभाई शेवटी म्हणाले, "ताई, तुम्हीच लावा, मी स्टुलावर बसतो." नव्या रबरावर बारीक केसांसारखे काटे होते. ती त्यांवरून बोट फिरवत राहिली.

चावी देताना सादिकभाईंनी अट घातली. नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीत थर असतो, तो रस्त्याला घासून जाईपर्यंत टायर नीट धरत नाही. पहिले दोनशे किलोमीटर चाळिसाच्या वर जायचं नाही. "दोनशे?" विजू किंचाळलीच. "त्यापेक्षा मी गाडी ढकलत नेते!"

संध्याकाळी मी आबांना हे गंमत म्हणून सांगितलं. ते ओटीवर जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. त्यांचा हात थांबला. "म्हणजे तिला हळू चालवायलाच लागणार?" मी होय म्हटलं. आबा उठले, आत गेले, आणि इस्त्रीचा सदरा आत्तापासूनच चढवून, टोपी नीट करत बाहेर आले. विजू दारातच उभी होती.

"सकाळी निघू," आबा म्हणाले. "गुहागरला. काशीला बघून खूप दिस झाले."

काशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. विजू आयुष्यात प्रथमच ओटीच्या पायरीवर खाली बसली.

त्या प्रवासाची हकिकत मला दोघांकडून वेगवेगळी कळली. विजू म्हणाली, पायाला मुंग्या आल्या, सायकलवाल्यांनी मागे टाकलं, एका म्हशीनेही टाकलं असतं. आबा म्हणाले, रस्ता किती बरा आहे तो! आजवर बसच्या खिडकीतून त्यांना तो धड दिसला नव्हता. खाडी ओलांडायला जयगडच्या जेटीवर आल्यावर मात्र खरी परीक्षा झाली. फेरीबोटीच्या फळीवर चढताना बुटक्या गाडीचं पोट घासणार, हे दिसत होतं. विजू घामाघूम. तेव्हा आबा उतरले, फळीवर उभे राहिले, आणि लाटेने बोट वर-खाली होत होती तिच्याकडे बघत हात वर धरून थांबले. "आता नाय... आता नाय... हां, आता ये. वायच डाव्या अंगाला." गाडी न घासता चढली. विजूने हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. "बाप होडीत कसा दिसत असेल ता मी कधी बघितलाच नव्हता गो."

मग दर रविवारी दोघं निघू लागली. कधी पावस, कधी गणपतीपुळे. दोनशे किलोमीटर केव्हाच उलटून गेले. तरी गाडीत बसण्याआधी आबा काठीने चाकाला टिचकी मारत आणि विचारत, "टायर अजून नवीनच हायत ना?"

"होय आबा, अजून नवीनच हायत," विजू सांगायची. आणि चाळिसाने निघायची.

वर्ष उलटलं, पुढचा श्रावण येऊन गेला. टायरवरचे केस गेले, खाचांत जांभ्याची लाल माती मुरली, तरी टायर नवीनच राहिले. मला राहवलं नाही. मी आबांना म्हटलं, "आबा, तुम्हाला खरंच तसं वाटतं?" ते माझ्याकडे बघून मिशीत हसले. "मी काय खुळा हाय? मला घरी सोडून ती कारखान्यावर जाते ना, फणसाच्या वळणापर्यंत हळू जाते. वळणापलीकडे गेली की कशी सुटते ता मला हयसून, ओटीवरून ऐकू येता. पण जिथवर मी दिसतो तिथवर तरी हळू जाते. अजून काय हवा?"

आंब्याला मोहोर आला त्या सुमारास आबा गेले. झोपेतच गेले. विजू दिवसकार्य होईपर्यंत घरात राहिली आणि त्यानंतर तिला घर खायला उठू लागलं. ओटीवर येई, आत जाई, पुन्हा ओटीवर. रविवारी गाडी काढायची आणि फाटकातूनच परत आणून लावायची. "घर थांबलाय गो," ती म्हणाली. उन्हाळा सरता सरता तिने कारखाना चुलतभावाकडे सोपवला. कारवारच्या बंदरावर कुणी नवीन बर्फाचा कारखाना उभारत होतं, त्यांनी तिला बोलावलं होतं. जाऊ नको असं म्हणायचा मला काही अधिकार नव्हता. तरी मी म्हटलं. खूप वेळा म्हटलं.

निघायच्या सकाळी ती दारात आली. एक पाय आत, एक बाहेर, इंजिन चालू. चहा उभ्यानेच झाला. मी तिला पोचवायला गाडीपर्यंत गेले. शेजारच्या जागेवर आबांची काठी आडवी ठेवली होती. मी चाकांकडे पाहिलं. खाचा अजून शाबूत होत्या, पण रबर कधीच जुनं झालं होतं.

"विजू," मी विचारलं, "टायर नवीन आहेत ना गं?"

तिने दचकून माझ्याकडे पाहिलं. ओठ दाबले. मग शेजारच्या काठीकडे बघत थांबली. विजू आणि थांबणं!

"होय गो," ती म्हणाली. "अजून नवीनच हायत."

मग ती निघाली. आमच्या गल्लीतून इतकी हळू गेली की शेजारची मुलं गाडीबरोबर चालत होती. फणसाच्या वळणावर तिने हात बाहेर काढून हलवला आणि गाडी दिसेनाशी झाली. मी फाटकाला धरून उभी राहिले, कान देऊन. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग वळणापलीकडून इंजिनाचा आवाज उसळला आणि चढत चढत लांब गेला. मला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही आलं.