दुपारी एकचा सांगलीचा फोन

कुसुमताई गेल्याचं त्यांच्या सुनेनं, संगीतानं, फोनवर सांगितलं. दुपारची वेळ होती, साताऱ्यात माझ्या स्वयंपाकघरात तव्यावर भाकरी होती. "आई पहाटे झोपेतच गेल्या. मंजूला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको, तूच सांग, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं..." मी गॅस बंद केला. त्या दिवशी जेवण गेलं नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. आपलं माणूस गेल्यावर घास उतरत नाही, त्यात काय नवल, असं कुणीही म्हणेल. मला मात्र भीती वाटली. कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते रिकामं पोट मला आवडायला लागलं होतं. हलकं हलकं, काहीतरी जिंकल्यासारखं. ही भावना माझ्या चांगल्या ओळखीची आहे. सोळाव्या वर्षी ती मला घेऊनच चालली होती. तिच्या हातून मला ज्यांनी ओढून आणलं त्या कुसुमताई, आणि तेही सांगलीत बसून, टेलिफोनवरून.

आता या आजाराला इटिंग डिसऑर्डर म्हणतात आणि मोबाइलच्या पडद्यावर समोरासमोर बसून त्यावर उपचारही घेता येतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या उंब्रजमध्ये त्याला नाव नव्हतं. उलट कौतुक होतं! मामेबहिणीच्या लग्नात कुणीतरी बाई सहज म्हणाली, "मंजी चांगली भरली की अंगानं." झालं. मी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार, शिवाय चतुर्थी आणि एकादशी होतीच. आमच्या घरी एकादशी आणि दुप्पट खाशी असा कारभार. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, सगळा थाट. मी मात्र पाण्यावर. गल्लीतल्या बायका आईला म्हणायच्या, "लय भाविक हाय गं तुझी पोर. नशीब काढलंस." मार्गशीर्षात पोथी वाचायला मलाच बोलावणं यायचं. देवाशी माझं काही भांडण नव्हतं, पण खरं सांगायचं तर त्या उपासांत देव कुठंच नव्हता. मला फक्त खायचं नव्हतं, आणि न खाणाऱ्या मुलीला अख्खं गाव शाबासकी देत होतं.

कऱ्हाडला कॉलेजच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले तेव्हा शाबासकी थांबली. टॉनिकं झाली, छातीचे फोटो झाले, दृष्ट काढून झाली. शेवटी कऱ्हाडच्या डॉक्टरांनी सांगलीच्या एका मनाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते. कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं, या काळजीत. त्या दवाखान्यात रोग्यांशी बोलायचं काम कुसुमताई करायच्या. चाळिशीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत. आईनं माझ्या उपासांची यादी मोठ्या अभिमानानं वाचून दाखवल्यासारखी सांगितली. ताईंनी ती शांतपणे ऐकली आणि मला विचारलं, "आणि उपास सोडताना काय खातीस?" मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं. ताई म्हणाल्या, "आमच्या आईनं धर्मांतर केलं तवाच सगळे उपास सोडून दिले, त्यामुळं मला घरचा अनुभव न्हाई. पण एवढं कळतं की उपासाला सोडणं असतं. तुझा तर सुटतच न्हाई, बाळ. मग त्याला उपास कशाला म्हणायचं?" इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा कुणीतरी पकडलं होतं, आणि पकडल्याचा राग येण्याऐवजी मला रडू आलं.

दर आठवड्याला उंब्रजहून सांगली जमणार नव्हतं. आण्णांच्या खत-बियाण्याच्या दुकानात फोन होता आणि दुकानाच्या मागंच आमचं घर. ताईंनी डॉक्टरांना विचारून ठरवलं की वजन कऱ्हाडच्या डॉक्टरांनी बघायचं, औषध सांगलीच्या डॉक्टरांनी द्यायचं आणि रोज दुपारी एक वाजता ताईंनी फोन करायचा. त्यांची ती डबा खायची वेळ. "मी जेवणार, तू नुसती ऐक. वाटलं तर जेव," त्या म्हणाल्या. 'खा' असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. बाकी सगळं जग तेच म्हणत होतं. फोनवर त्या डब्यातलं एकेक सांगायच्या. आज मेथीत लसूण जास्त पडलाय, आज भरलं वांगं आहे, देठ बाजूला काढतेय... मी ताट समोर घेऊन, युरियाच्या वासात, खुर्चीच्या टोकावर बसलेली. एक घास तोंडात घेतला की डोक्यात जे काही सुरू व्हायचं ते सगळं मी बोलून टाकायची आणि त्या तिकडून चावत चावत "हं" म्हणायच्या. लाइन सारखी तुटायची. त्याचाही ताईंनी नियम केला होता. "लाइन गेली तरी मी हिकडं जेवतीयच असं समजायचं." दुकानात गिऱ्हाईक आलं तर आण्णा त्याला दारातच थोपवायचे. "गप बस रं जरा, पोरीचा सांगलीचा फोन हाय." सुरुवातीला फोन उचलून चाचरत नमस्कार म्हणणारे आण्णा पुढं आपणहून "जय भीम, ताई" म्हणायला लागले. आणि शेतकरी दारात बसून माझं ताट बघायचे. एक म्हातारा तर युरियाचं राहू दे, आधी मला विचारायचा, "काय बया, भाकरी सरली का?"

घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. आईनं कुणाला न सांगता देवीला नवस बोलला होता. पोर पोटभर जेवेपर्यंत आपण अन्नाला शिवायचं नाही. दुधावर आणि केळ्यावर ती दिवस काढत होती. मला ते कळलं. आई माझ्यापायी वाळतेय म्हटल्यावर मला आणखी खाणं नको झालं, आणि मी खाल्लं नाही की आईचा नवस आणखी लांबायचा. दोघी एकमेकींसाठी उपाशी! आण्णांनी न राहवून हे फोनवर ताईंच्या कानावर घातलं. त्या रविवारी ताई एसटीनं उंब्रजला हजर.

आमच्याकडं त्यांच्या समाजाच्या माणसाला तोवर बाहेरच्या सोप्यात चहा मिळायचा, तोही वेगळ्या कपात. त्यापुढं आमची मजल गेली नव्हती. ताई थेट स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, लांबनं आलीय, भूक लागलीय. आत येऊ का?" आईनं एकदा सोप्याकडं बघितलं... मग तिनं दोन पाट मांडले. एक ताईंना, एक मला. ताई म्हणाल्या, "तिसरा कुठाय?" "माझा नवस हाय, ताई. मोडला तर देवी कोपंल." "आणि पाळता पाळता तुमी आडव्या पडला तर? पोरगी उपाशी ऱ्हायला घरातच शिकली, वहिनी. आता जेवायला कुणाकडनं शिकणार?" आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ती तशीच उठली आणि तिनं स्वतःला ताट वाढून घेतलं. आम्ही तिघी जेवलो. आईनं पहिला घास गिळला तो मी बघितला आणि माझा घास माझ्याच हातानं तोंडात गेला. त्या दिवशी देवी कोपली नाही. कोपली असतीच तर कुसुमताईंनी तिच्याशीही बोलून घेतलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

एका जेवणानं कुणी बरं होत नाही. मीही झाले नाही. मधे दोनदा घसरले, कॉलेजचं वर्ष गेलं, पण एकचा फोन बंद झाला नाही. पुढं तो आठवड्यावर आला, मग महिन्यावर. माझं लग्न झालं, मी साताऱ्याला आले. एकदा ताईंच्या घरी गेले असताना म्हटलं, "तुमच्या त्या भरल्या वांग्याचं वर्णन ऐकून ऐकून मी वांगी खायला लागले." तर त्यांचा मुलगा हसायलाच लागला. "आई आन् वांगं? ती हात लावत न्हाई. डब्यात रोज खर्डा-भाकरी असायची." मी ताईंकडं बघितलं. त्या निवांत चहा पीत होत्या. "रोज खर्डा-भाकरी सांगितली असती तर तू ऐकलं असतंस व्हय?" अशी थाप मारून माणूस वाचत असेल तर मारावी, असं माझं तेव्हापासून मत आहे.

तिसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाला, म्हणजे ताईंच्या शोकसभेला, मी सांगलीला गेले ती तशी उपाशीच. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी घर भरलं होतं. वंदना झाली, माणसं बोलली. पाटणची एक मुलगी आली होती, एक बाई महाबळेश्वरहून. दोघींनीही एक वाजता ताईंबरोबर फोनवर जेवण केलेलं. मला क्षणभर हेवा वाटला आणि मग फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला त्यांची एकटीच लेक समजत होते. मग पंगत बसली. भात, आमटी, बटाट्याची भाजी, बुंदी. ताट समोर आलं आणि पोटातून तोच जुना आवाज, नको, आज नको, निमित्तही चांगलं आहे, कुणी काही म्हणणार नाही. खरंच कुणी काही म्हणत नव्हतं. पलीकडं ताईंची खोली होती, खुर्ची होती आणि फोन होता, आणि ताई नव्हत्या. हा घास मला आता माझा मीच घ्यायचा होता. मला हुंदका आला. मी रडतच भात कालवला आणि रडतच जेवले, हळूहळू, सगळं. शेजारच्या म्हातारीनं पाठीवरून हात फिरवला आणि आपलं जेवत राहिली.

संगीता भाताची बादली घेऊन आली. "वाढू का मंजूताई, थोडा?" पंगतीत आपला हात आपोआप आडवा होतो, तसा माझा ताटावर गेलाच होता. तो मी बाजूला घेतला.

"वाढ," म्हटलं.