गोठ्यामागचे ठसे

काल सकाळी गोठ्यातलं शेण काढून मागच्या खड्ड्यात टाकायला गेले, तर ओल्या मातीत पायांचे ठसे दिसले. गोठ्यात माझी एकच पाडी असते आणि गोठ्याची भिंत जेमतेम कमरेएवढी आहे.

शेजारचा बाबल्या बघायला आला आणि हसला. "कुत्रो असतलो गो वयनी! पुस्तकां वाचून तुका आता सगळीकडे वाघच दिसता."

"मगे नखां खंय उठली रे?" मी विचारलं.

तो वाकला आणि त्याचं हसणं थांबलं. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, इथे ती नव्हती; बिबट्या चालताना नखं आत ओढून ठेवतो. मागचा पाय पुढच्याच्या ठशातच टाकतो, म्हणून चाहूल लागत नाही, असं मी वाचलं होतं.

भिंतीपाशी मात्र चारही ठसे जवळजवळ होते आणि मागचे दोन खोल रुतलेले. उडीचं बळ मागच्या मांड्यांत असतं. त्याने अंग गोळा केलं होतं, पण उडी मारली नव्हती. मंडळी, असा थांबलेला बिबट्या परत येतो का? कोणाला माहीत असेल तर सांगा.

यजमान गेल्यापासून त्यांच्या खोलीतली एकही वस्तू मी हलवली नव्हती. आज सकाळी त्यांची खाट पडवीत काढली आणि पाडीला त्या खोलीत बांधलं.